पाणी मोजण्याचा धंदा करायचाय? आधी टेप घ्या, सेन्सर नंतर



गेल्या काही दिवसांत व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. "सर, पाण्याच्या टाकीला सेन्सर लावायचा, मोबाइलवर पातळी दिसते. डीलरशिप मिळतेय. घेऊ का?"

उत्तर दोन वाक्यांत देतो. धंदा चांगला आहे. डीलरशिप आत्ता घेऊ नका.

का, ते सांगण्यासाठी आपल्या बॅचमधल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, त्याची परवानगी मात्र घेतली आहे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेत.

या मुलाने वडिलांच्या रिटायरमेंटच्या पैशातून १ लाख ८० हजार काढले आणि टाकीची पातळी मोजणारे ४० सेन्सर एकदम उचलले. घाऊक घेतले की स्वस्त पडतात, हा हिशेब. चार महिन्यांत विकले गेले सहा. त्यातले चार सोसायट्यांनी काढून ठेवले. एका सेक्रेटरींनी त्याला सरळ विचारलं, "अरे, टाकी अर्धी आहे हे मला मोबाइलवर दिसतं. बरं, मग मी काय करू?"

या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. आणि मित्रांनो, खरा धंदा त्याच प्रश्नात आहे. गिऱ्हाइकाला आकडा नको असतो. आकडा बघून आता काय करायचं, ते हवं असतं.

रात्री दोन वाजता टेप घेऊन

मी त्याला म्हटलं, उरलेले ३४ सेन्सर कपाटात ठेव. ज्यांनी हा प्रश्न विचारला त्याच सेक्रेटरींकडे जा आणि एक रात्र माग. बरोबर फक्त मेजरिंग टेप, टॉर्च आणि वही.

सोसायटी ६० फ्लॅटची. गच्चीवरची टाकी आतून ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद. म्हणजे तळाचं क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. आता हे गणित पाठ करून टाका: एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० लिटर. म्हणजे या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली की १२० लिटर पाणी गेलं.

रात्री दोनला पंप बंद आहे याची खात्री करून त्याने पातळी मोजली. चारला परत मोजली. साडेसात सेंटिमीटर खाली. म्हणजे ९०० लिटर. सगळी सोसायटी झोपलेली असताना, दोन तासांत!

दोन ते चार हीच वेळ का? कारण त्या वेळी वापर सगळ्यांत कमी असतो. कोणी एखादा उठतो, कोणाचं पाण्याचं फिल्टर मशीन चालू असतं, तेवढंच. त्याच्या वर जे जातंय, ते बहुतेक गळतीचं. मोठ्या शहरांच्या पाणीपुरवठ्यातसुद्धा गळती शोधताना रात्रीचा हा किमान प्रवाहच बघतात. ही पद्धत काही नवीन नाही, पण सोसायटीच्या गच्चीवर ती सहसा कोणी वापरत नाही.

पुढचं काम सोपं होतं. दुसऱ्या रात्री एकेका विंगचा व्हॉल्व्ह आळीपाळीने बंद करून पातळी बघितली. बी विंग बंद केल्यावर उतरणं जवळजवळ थांबलं. मग सकाळी प्लंबरला घेऊन बी विंगमध्ये घरोघरी. तीन घरांत फ्लशच्या टाकीतून पाणी सतत वाहत होतं, आवाज नाही, कोणाच्या लक्षात नाही. आणि एक फ्लॅट कुलूपबंद, मालक परदेशात. चावी मिळवून उघडला, तर आत फ्लशचा फ्लोट अडकलेला. किती महिन्यांपासून, कोणालाच माहीत नाही.

दुरुस्तीनंतर पुन्हा दोन ते चार मोजलं. दोन सेंटिमीटर. म्हणजे २४० लिटर.

आता हिशेब मांडा.

आधी ९०० लिटर, नंतर २४०. दोन तासांत ६६० लिटर वाचले, म्हणजे तासाला ३३०. गळती दिवसाही चालूच असते, म्हणून गुणिले २४. दिवसाला ७,९२० लिटर. महिन्याला २ लाख ३७ हजार ६०० लिटर.

सोसायटी १० हजार लिटरचा टँकर घेत होती, एकाला १,२०० रुपये. म्हणजे महिन्याला जवळजवळ २४ टँकर, २८ हजारांच्या वर रुपये. दुरुस्तीचा खर्च? प्लंबरची मजुरी आणि फ्लशचे सुटे भाग.

त्याच सेक्रेटरींनी मग स्वतःहून विचारलं, "हे रोज रात्री आपोआप मोजता येईल का रे?"

कपाटातला पहिला सेन्सर त्या दिवशी खऱ्या अर्थाने विकला गेला.

तुम्ही नक्की काय विकताय?

लक्षात घ्या, टेपने जे कळलं तेच सेन्सरने कळतं. फरक एवढाच की सेन्सर रोज रात्री न झोपता मोजतो. आज दुरुस्त केलेला फ्लश सहा महिन्यांनी पुन्हा वाहायला लागेल. तुम्ही काही रोज गच्चीवर जाणार नाही. तंत्रज्ञानाची जागा इथे आहे.

म्हणून तुमच्या सेवेचे तीन भाग करा.

पहिला, पाणी तपासणी. एकदाच. माणसं किती, पाणी येतं किती, जातं किती, रात्री गळतं किती. याचे वेगळे पैसे घ्या, फुकट करू नका. फुकटच्या तपासणीचा रिपोर्ट कोणी वाचत नाही.

दुसरा, यंत्र बसवणं. गरज असेल तिथेच आणि तेवढंच. जास्तीत जास्त लोक इथे मार्जिन शोधतात आणि इथेच मार खातात, कारण हेच यंत्र ऑनलाइन कोणालाही दिसतं.

तिसरा, महिन्याची सेवा. रात्रीचा आकडा वाढला की तुमचा फोन जातो. महिन्याच्या शेवटी एका पानाचा अहवाल. यंत्र बिघडलं तर तुम्ही बदलून देता. धंदा टिकतो तो या तिसऱ्या भागावर.

उदाहरणादाखल धरा, एका सोसायटीकडून महिन्याला १,५०० रुपये. २० सोसायट्या झाल्या तर ३० हजार. त्यातून पेट्रोल, सिमचा रिचार्ज आणि यंत्र बदलण्यासाठी बाजूला काढायचे पैसे वजा करा. हा शेवटचा खर्च नवीन माणूस हमखास विसरतो. ओलाव्यात राहणारं यंत्र बिघडणारच, असंच धरून चाला.

काही जण विचारतात, "सर, फी न घेता वाचलेल्या टँकरमध्ये हिस्सा घेतला तर?" ऐकायला छान वाटतं. पण पाऊस पडला की टँकर आपोआप बंद होतो, आणि मग तुमच्यामुळे किती वाचलं आणि पावसामुळे किती, यावर भांडण. सुरुवातीला ठरलेली फीच घ्या.

तपासणीच्या पहिल्या दिवशी काय करायचं

१. माणसं मोजा. शहरी पाणीपुरवठ्यासाठी केंद्र सरकारच्या नियमावलीत माणशी दिवसाला १३५ लिटर हा आकडा धरतात. गावात जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटर. ६० फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे २४० माणसं. गुणिले १३५. झाले ३२,४०० लिटर. आता सोसायटी प्रत्यक्षात किती वापरते ते बघा. फार वर असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय. मराठीत म्हण उगाच नाही.

२. येणारं पाणी वेगवेगळं लिहा. महापालिकेचं किती, बोअरचं किती, टँकरचं किती. बोअरला मीटर नसेल तर २० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा. २० सेकंद लागले तर मिनिटाला ६० लिटर. मग पंप किती तास चालतो ते विचारा. हा अंदाज आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा.

३. टँकर खरंच भरलेला येतो का, ते बघा. टँकर रिकामा होण्याआधी आणि नंतर जमिनीखालच्या टाकीची पातळी मोजा, आणि मधल्या वेळात पंप बंद ठेवा. दहा हजार लिटरचे पैसे देऊन किती पाणी मिळतं हे टेप सांगते. इथे कोणावर आरोप करायचा नाही. आकडा लिहायचा आणि कमिटीला द्यायचा.

४. रात्री दोन ते चार. पंप बंद, पातळी दोनदा. टाकीचा बाहेर जाणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करूनही एकदा मोजा. तरीही पातळी उतरत असेल तर टाकीच गळतेय. उतरत नसेल तर गळती खालच्या पाइपात किंवा घरांत आहे.

एवढं काम टेप, बादली आणि वही यांवर होतं. पहिली तीन गिऱ्हाइकं अशीच करा. तोपर्यंत एकही यंत्र विकत घेऊ नका.

यंत्रांची ओळख, आणि त्यांच्या खोड्या

आता सेन्सरकडे येऊ. विकणारा गुण सांगतो, खोड्या मी सांगतो.

अल्ट्रासॉनिक सेन्सर टाकीच्या झाकणाला लावतात. तो आवाजाची लहर खाली सोडतो, ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. पाण्याला हात लागत नाही, हा फायदा. पण बंद टाकीत वाफ धरते, सेन्सरच्या तोंडावर थेंब जमतात आणि आकडे उड्या मारायला लागतात. शिवाय अगदी जवळचं अंतर त्याला मोजता येत नाही, म्हणून टाकी काठोकाठ भरली की तो गोंधळतो. येणाऱ्या पाण्याच्या धारेखाली तर कधीच लावू नका.

दाबावर चालणारा सेन्सर तळाशी बुडवून ठेवतात. एक मीटर पाण्याचा दाब साधारण ०.१ बार असतो, त्यावरून पातळी कळते. वाफेचा त्रास नाही. पण टाकीत गाळ असेल तर तोंड बुजतं, आणि अधूनमधून टेपशी ताडून बघावं लागतं.

पाण्याचा मीटर पाइपात बसतो. पाइप पूर्ण भरलेला हवा, आणि मीटरच्या आधी-नंतर थोडा सरळ पाइप हवा, लगेच बेंड नको. जिथे पाणी दिवसातून ठरावीक तासच येतं तिथे पाण्याआधी हवा येते, आणि काही मीटर त्या हवेवरही फिरतात. घरगुती मीटरला आयएस ७७९ आणि मोठ्या मीटरला आयएस २३७३ ही मानकं आहेत. बिलावर मानक लिहून मागा.

टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले क्षार किती ते अंदाजाने दाखवतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत. पण जंतू या मीटरला दिसत नाहीत. टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध, असं गिऱ्हाइकाला चुकूनही सांगू नका. कोणाच्या तरी मुलाच्या पोटाचा प्रश्न आहे. त्यासाठी प्रयोगशाळेची तपासणीच लागते.

आणि नेटवर्क. जमिनीखालची टाकी, वर काँक्रीट, त्यावर लोखंडी झाकण. आतून मोबाइलचा सिग्नल नीट मिळेलच असं नाही. अँटेना बाहेर काढावी लागते, किंवा लोरा नावाची कमी विजेवर लांब जाणारी रेडिओ पद्धत वापरतात. आपल्याकडे ती ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात विनापरवाना चालते. यंत्र घेण्याआधी त्याच जागी, झाकण बंद करून, दोन दिवस चाचणी करा. ऑफिसातल्या टेबलावर सगळीच यंत्रं चालतात.

अलर्ट कोणाला जातो?

आता एक बारीक गोष्ट, पण याच्यावर धंदा बसतो किंवा उठतो. आपल्या मुलाच्या पहिल्या सहा सेन्सरचे मेसेज सेक्रेटरींना जायचे. ते सकाळी ऑफिसात. टाकी ओव्हरफ्लो झाली, मेसेज आला, त्यांनी मीटिंग संपल्यावर बघितला. तोपर्यंत पाणी गटारात.

मेसेज त्याला जायला हवा ज्याचा हात व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतो. म्हणजे पाणी सोडणारे काका किंवा वॉचमन. त्यांच्याकडे साधा फोन असेल तर ॲप काय कामाचं? त्यांना आपोआप फोन जाईल अशी सोय करा, किंवा टाकीजवळ सायरन लावा. आणि बसवायच्या दिवशी पहिला चहा त्यांच्याबरोबर घ्या. "हे यंत्र तुमच्यावर नजर ठेवायला आहे" असं त्यांना वाटलं, तर महिन्याभरात वायर तुटलेली सापडेल. "काका, रात्री उठून टाकी बघायला वर जावं लागणार नाही," असं सांगा. ते खरंही आहे.

घरटी मीटर लावले असतील तर आणखी एक काळजी घ्या. कोणाच्या घरात चार दिवस पाणी वापरलं गेलं नाही, याचा अर्थ घर बंद आहे. असा आकडा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं म्हणजे चोराला पत्ता देणं. घराचा आकडा फक्त त्या घराला द्या.

वाचलेलं पाणी गेलं कुठे?

मित्रांनो, आतापर्यंत आपण पैशाचं बोललो. आता जरा अवघड प्रश्न. सोसायटीने २४ टँकर वाचवले. पुढच्या महिन्यात कमिटी म्हणाली, पाणी शिल्लक आहे, गाड्या धुवायला पाइप लावू. मग वाचलं काय? शेतातही हेच होतं. ठिबक लावून पाणी वाचतं, आणि त्याच पाण्यावर आणखी दोन एकर ऊस वाढतो. विहीर होती तिथेच, किंवा आणखी खाली.

म्हणजे नुसतं मोजून भागत नाही. मोजल्यावर किती वापरायचं, हे ठरवावं लागतं.

याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवारांचं गाव, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. कमी पावसाचा भाग. तिथे पाऊस मोजतात, विहिरींची पातळी बघतात आणि त्यावरून वर्षाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. आधी पिण्याचं पाणी, जनावरांचं पाणी, मग उरेल त्यावर पिकं ठरतात. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही आणि ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिकं टाळायची, असे नियम गावाने स्वतःवर घातले. हे काम सुरू झालं तेव्हा मोबाइलवर बघायचे सेन्सर नव्हते. पर्जन्यमापक होता, विहीर होती आणि ठरलेलं पाळणारी माणसं होती.

म्हणून तुमच्या महिन्याच्या अहवालात एक ओळ कायम ठेवा: बोअरची पातळी. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, सकाळी पंप सुरू करण्याआधी मोजायची. पंप चालू असताना पाणी ओढलेलं असतं, आकडा फसवतो. या मे महिन्याची तुलना एप्रिलशी करू नका, मागच्या मे महिन्याशी करा. दरवर्षी मे मधली पातळी खाली जात असेल, तर कमिटीला सांगा की बोअर जास्त उपसली जातेय, पंपाचे तास कमी करा, गच्चीचं पावसाचं पाणी जिरवा. त्यांना हे आवडणार नाही. कदाचित एखादं गिऱ्हाईक नाराज होईल. पण दोन वर्षांनी बोअर आटल्यावर "तुम्ही मोजत होता ना, मग सांगितलं का नाही?" हा प्रश्न तुम्हालाच येणार आहे.

गिऱ्हाईक कुठे शोधायचं?

टँकर घेणाऱ्या सोसायट्या तर आहेतच. त्याशिवाय हॉस्टेल, मंगल कार्यालयं, हॉटेलं, लॉन्ड्री, लहान डेअरी. जिथे पाण्याचं बिल दुखतं तिथे जा. जिथे पाणी फुकट आणि भरपूर आहे, तिथे कितीही चांगलं यंत्र दाखवा, चहा पाजून पाठवतील.

भूजल उपसण्यासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाचं ना हरकत प्रमाणपत्र लागणारे उद्योग हे दुसरं गिऱ्हाईक. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांना डिजिटल फ्लो मीटर आणि टेलिमेट्री लावावी लागते. हे काम नियमाप्रमाणेच करावं लागतं, म्हणून आधी अनुभवी माणसाच्या हाताखाली करा.

गावाकडे असाल तर २०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रही होता. त्यातल्या गावांत पर्जन्यमापक, पातळी मोजायची साधनं दिली गेली. तुमच्या ग्रामपंचायतीत असं साधन असेल तर चालू आहे की कपाटात आहे, ते विचारा. असलेलं यंत्र चालू ठेवणं हेही काम आहे. शेतात ओलाव्याचे सेन्सर लावणार असाल, तर काळ्या मातीत जपून. उन्हाळ्यात ती फाटते, सेन्सरभोवती हवा शिरते आणि जमीन आहे त्यापेक्षा कोरडी दिसते.

वेळ कोणती? होळीच्या आधी. टँकर सुरू होतात तेव्हा कमिटी ऐकते. आषाढात गळतीबद्दल कोणी बोलत नाही. करार मात्र वर्षाचा करा, नाहीतर पावसाळ्यात तुमचं घर कसं चालणार?

या आठवड्याचा गृहपाठ

तुम्ही राहता त्या इमारतीची, नाहीतर घरची टाकी. लांबी, रुंदी मोजा. एक सेंटिमीटर म्हणजे किती लिटर, ते काढून झाकणाच्या आत खडूने लिहा. एका रात्री दोनला आणि चारला पातळी घ्या. गच्चीवर एकटे जाऊ नका, बरोबर कोणाला तरी न्या, आणि टाकीत वाकू नका.

आलेला आकडा कमेंटमध्ये लिहा. गळती सापडली तर काय होती, तेही लिहा.

आणि तो मुलगा? त्याच्याकडे अजून ११ सेन्सर शिल्लक आहेत. वडिलांचे पैसे अर्ध्याहून जास्त परत केले आहेत. आता नवीन सोसायटीत गेला की तो सेन्सरचा खोका गाडीतच ठेवतो आणि टेप खिशात घालून वर जातो.